सात डोक्यांचं माप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. त्याच्या नगरात, रंगाऱ्यांच्या आळीत, दोघी बहिणी राहायच्या. थोरली सूत रंगवायची आणि धाकटीला चित्रांचं वेड होतं.

तिला शिकवणारं कुणी नव्हतं. उरलासुरला रंग आणि घराची मागची भिंत, एवढीच तिची शाळा. ती थोरलीला, म्हणजे आपल्या आक्काला, नवं लुगडं नेसवून उभं करायची आणि तिच्या डोक्याएवढ्या काडीने मोजायची. डोक्यापासून टाचेपर्यंत आक्का बरोबर सात डोकी भरायची. हे माप तिचं तिनेच शोधलेलं, त्यामुळे तिला त्याचा कोण अभिमान! हंडे वाहून आक्काचा एक खांदा उतरला होता, हात कोपरापर्यंत निळे झाले होते. धाकटी तेही काढायची. पाय भरून आले तरी आक्का हूं की चूं करायची नाही.

त्या नगरात एक रीत होती. सणाआधी नव्या तऱ्हेची वस्त्रं नेसलेल्या बायकांची चित्रं महालात जायची. राणी ज्या चित्रावर बोट ठेवील, तसंच सगळं नगर नेसायचं. एका वर्षी धाकटीनेही आपली चित्रं नेली. वस्त्रागाराची कारभारीण ती बघून हसली.

"हात चांगला आहे तुझा," ती म्हणाली. "पण या बायका कामाला जुंपल्यासारख्या दिसतात. नऊ डोकी उंच कर त्यांना. मान लांब, कंबर मुठीत मावेल एवढी."

धाकटीने तसं केलं आणि राणीने तिच्याच चित्रावर बोट ठेवलं. मग काय विचारता! महालात खोली मिळाली, दाराशी पालखी आली. आता आक्काला उभं करायची गरजही उरली नाही. अशी बाई जगात कुठे नव्हतीच, मग समोर उभं करायचं कुणाला? मागच्या भिंतीवरची ती बेढब चित्रं कुणी पाहिली तर हसं होईल, म्हणून तिने भिंतीला चुना मारून घेतला. आक्का एकदाच म्हणाली, माझं एक चित्र काढून दे गं, घरात लावायला. धाकटीने सांगितलं, सण झाला की काढते. सण येत राहिले.

मग आक्काने अंथरूण धरलं. धाकटी रंग घेऊन धावत आली आणि उशाशी बसून दिवसभर चित्र काढत राहिली. मान आपोआप लांब व्हायची, ती पुसायची. कंबर आत जायची, तीही पुसायची. खांदा उतरता काढायला गेली, तर उजवा की डावा, तेच आठवेना. आक्का तर गोधडीखाली अंग चोरून पडलेली. शेवटी जे झालं ते तिने आक्कासमोर धरलं.

आक्काने बराच वेळ पाहिलं. "सुरेख आहे गं," ती म्हणाली. "कुठली राणी ही?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर धाकटीला सोसला असता.

दोन दिवसांनी आक्का गेली. धाकटी मागच्या भिंतीशी बसून नखांनी चुना खरवडत राहिली. बोटं रक्ताळली, पण भिंतीतून आक्का काही निघाली नाही.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या पसंतीसाठी जो आपली नजर मोडतो, त्याला एक दिवस आपलं माणूसही दिसेनासं होतं.