सटवाजी कासाराने भरलेला हात

बायांनो, पोरंबाळं घेऊन पुढे सरकून बसा. आपल्या पणजीच्याही पणजीच्या वेळची गोष्ट आहे. तेव्हा आपल्या धामणखेडात सटवाजी नावाचा कासार होता. बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून दारोदार फिरायचा. तोंडावर पदर असलेल्या बाईने हात पुढे केला की नुसती बोटं चाचपून सांगायचा, ही अमक्याची लेक, ही तमक्याची सून. त्याने भरलेली बांगडी कधी पिचली नाही, असं म्हणतात.

मग गोऱ्यांविरुद्ध बंड झालं. बंडातल्या एका पुढाऱ्याची बायको आपल्या गावात लपली. शिपायांनी झाडून साऱ्या बायका चावडीपुढे उभ्या केल्या आणि सटवाजीला म्हणाले, "हात बघ आणि तिला ओळखून काढ."

तिच्या लग्नाचा चुडा त्यानेच भरला होता. त्याने एकेकीचा हात हातात घेतला. तिचाही घेतला. मग म्हणाला, "या सगळ्या माझ्याच लेकी. कुठली देऊ?"

झालं! त्याला बेड्या ठोकून काळ्या पाण्यावर धाडलं, अंदमानात.

तिथे त्याला नारळ सोलायला जुंपलं. शेजारी बायकांचा तुरुंग. त्या दिवसभर काथ्या वळायच्या आणि एकीच्याही हातात बांगडी नव्हती. कासाराच्या डोळ्यांना ते सोसेना. त्याने करवंटी आडवी कापली, दगडावर घासली, खोबरेल लावून चोळली. अशी काळीभोर बांगडी झाली की शिंगाची वाटावी! बायका हात पुढे करू लागल्या. एकटी हौसा मागे राहिली. नवऱ्याला विष घातल्याचा आळ घेऊन दिरांनी तिला तिथे पाठवली होती.

"काका, मी रांडमुंड बाई. मला शिवलात तर विटाळ होईल."

"गप गं. विटाळ तुझ्या दिरांना. हात सैल सोड, अडकेल नाहीतर."

आणि त्याने तिची दोन्ही मनगटं भरली.

वर्षं गेली. सटवाजी म्हातारा झाला. एकदा मुंबईला जाणारं जहाज बंदराला लागलं आणि सुटणाऱ्यांत त्याचं नाव निघालं. घरी बायको येसू वाट बघत होती. तो सकाळपासूनच गाठोडं बांधून बसला. तेवढ्यात नवा साहेब आला. कैदी बायकांच्या हातात बांगड्या बघून त्याचं टाळकं फिरलं. त्याच्या हुकमाने जमादाराने सटवाजीपुढे हातोडी टाकली.

"तूच भरल्यास ना? तूच फोड. मग खुशाल जहाजात बस."

सटवाजीने जहाजाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

हौसा ओरडली, "काका, फोडा! मेल्या करवंट्यांपायी घर सोडता काय?" आणि तिने आपणहून हात दगडावर ठेवला.

सटवाजीने हातोडी उचलली आणि समुद्रात भिरकावली. "कासार हात भरतो. रिकामा करायला कसाई शोध."

जमादाराने दुसरी हातोडी आणून हौसाच्या हातावर हाणली. खालचा दगड दुभंगला, पण बांगडीचा टवका उडाला नाही, असं म्हणतात. साहेबाने बांगड्यांचा नाद सोडला, पण सटवाजीची सुटका रद्द केली. जहाज सटवाजीला न घेताच गेलं. पुढे तो तिथेच वारला.

हौसा सुटली ती स्वतःच्या गावी गेली नाही. विचारत विचारत धामणखेडात आली आणि येसूला सगळं सांगितलं. बातमी फुटली, तशा गावच्या बायका रिवाजाप्रमाणे दगड घेऊन येसूच्या बांगड्या फोडायला आल्या.

म्हातारी कडाडली, "घरी येणं सोडलं त्याने, पण बांगडी फोडली नाही. आणि तुम्ही त्याच्याच नावाने माझ्या फोडता? या पुढे, बघते कोण येते!"

एकीचा पाय पुढे पडला नाही.

तेव्हापासून नवरा गेला म्हणून धामणखेडात कुणा बाईची बांगडी फुटत नाही. बाहेरगावचे पाव्हणे नाक मुरडतात. मुरडू देत. तेराव्याला आपण कासार बोलावतो आणि तिच्या हातात आणखी एक नवी बांगडी भरतो. भरताना जमलेल्या बाया एवढंच म्हणतात, "ही सटवाजीची."