गोजराईचा झरोका

मुरुमखेडात आज जी सगळ्यांत जुनी भिंत उभी आहे, ती बांधली त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा गावात गोजरा नावाची एक बाई राहत असे. घर बांधायचं म्हटलं की दगड रचणं, लाकडं चढवणं हे पुरुषांचं काम. पण मातीचं सगळं काम गोजराचं. चिखल तिनं तुडवायचा, भिंती तिनं लिंपायच्या आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी मातीही तिनंच अंथरायची. तिच्या हाताला अशी काही ओल होती, की तिनं हात फिरवलेल्या भिंतीला सहसा तडा जात नसे. असं म्हणतात, की भर वैशाखात त्या भिंतीला कान लावला तर आत पाणी झुळझुळल्यासारखं ऐकू यायचं.

मुरुमखेड हे उघड्या माळावरचं गाव. झाडं थोडी आणि ऊन फार. चैत्र सरता सरता दगड असा तापायचा, की बायका त्याच्यावर पापड वाळत घालायच्या आणि काढताना बोटं भाजून घ्यायच्या. अशा गावात घरात शिरल्यावर जीव थंड होत असेल, तर ती गोजराची पुण्याई असं लोक मानायचे. सुगीत प्रत्येक खळ्यावरून तिच्या नावाचं सूपभर धान्य आधी बाजूला निघायचं. ते कुणाला सांगावं लागत नसे.

गोजराला स्वतःला घराचं एकच शास्त्र ठाऊक होतं. ऊन बाहेर, माणूस आत आणि मधे हातभर जाड माती. भिंत घट्ट झाली, फट बुजली, की घर झालं. मग ती हातपाय धुवायची आणि पुढच्या घराकडे वळायची. आतल्या माणसाला कसं वाटतं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. भिंत बरी तर माणूस बरा, असं तिला वाटे.

त्या काळी प्रत्येक घरात बाळंतिणीची एक खोली असायची. घरातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आतली. स्वयंपाकघराच्या माळवदाला धुरासाठी झरोका असे, पण या खोलीला तोही नसे. दाराला गोधडी टांगलेली, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओव्याची धुरी आणि बाळंतिणीच्या कानाला फडकं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा नेम. हे कुणी दुष्टपणानं करत नव्हतं. पूर्वी कधीतरी पौषाच्या गारठ्यात एखादी बाळंतीण वाऱ्यानं गेली असेल. तेव्हापासून आईनं लेकीला आणि सासूनं सुनेला जपायला शिकवलं. पण पौषातली ती काळजी वैशाखातही तशीच चालू राहिली.

एका वैशाखात रंभाबाईच्या घरून गोजराला बोलावणं आलं. रंभाबाईची सून कुसा बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. त्याआधीचं कुसाचं पहिलं मूल याच खोलीत, अशाच वैशाखात, चार दिवसांचं होऊन गेलं होतं. त्यामुळे रंभाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दारातच उभी होती.

“गोजरे, खोलीला भेग पडलीय,” ती म्हणाली. “तुझ्या हातची भिंत, आन् भेग. वारं आत यायला लागलंय बघ. लवकर बुजव बाई. मागच्या बारीला अशीच कुठून तरी झुळूक आली असंल.”

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस जात नसे, म्हणून हे काम गोजराचंच. तिनं मूठभर ओला चिखल घेतला, गोधडी बाजूला सारली आणि ती आत गेली. आत जाताच तिला वाटलं, आपण घरात नाही, पेटलेल्या भट्टीत पाऊल टाकलं. श्वास घ्यावा तर धूर, सोडावा तर वाफ. जी भिंत ऊन बाहेर अडवत होती, तीच शेगडीची धग आत कोंडून धरत होती. स्वतः लिंपलेल्या भिंतीला तिनं हात लावला. ती गरम होती.

बाजेवर कुसा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे ओठ सुकून फुटले होते. पोरीच्या अंगावर घामोळं उठलं होतं आणि तिचं पोट भराभर वरखाली होत होतं. ती रडतही नव्हती. कुसानं तिचं डोकं अगदी त्या भेगेपाशी नेऊन ठेवलं होतं.

गोजरा खाली वाकली आणि भेग पाहू लागली. भेग पडली की तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात. ही सरळ होती, आणि तिच्याखाली ताज्या मातीचा भुगा पडला होता. मग तिनं कुसाच्या हाताकडे पाहिलं. नखांत माती होती. मुठीत बांगडीचा फुटका तुकडा होता.

भेग पडलेली नव्हती. एका आईनं ती रात्रंदिवस कोरून काढली होती.

कुसानं गोजराकडे पाहिलं आणि तिच्या हातातल्या चिखलाकडे पाहिलं. त्या काळी सुनेनं बोलायचं नसे. गोजराच्या मुठीतला चिखल सुकू लागला. तिनं तो हळूच खाली ठेवला आणि उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

“पोरी, तुला हितं कसं वाटतंय गं?”

असं म्हणतात, की मुरुमखेडात बाळंतिणीला हे विचारणारं ते पहिलं माणूस. कुसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोजरानं तिच्या कानाचं फडकं सैल केलं, पाण्याचा घोट पाजला आणि परत विचारलं. मग कुसानं हात उचलला आणि वर कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“धूर तिथं जाऊन थांबतो,” ती म्हणाली. “दिसभर मी त्येच बघती. त्याला वाट गावत नाही, मावशी. मलाबी गावत नाही.”

गोजरानं वर पाहिलं. खरंच, सगळा धूर खोलीभर फिरून त्याच एका कोपऱ्यात माळवदाला टेकून थांबला होता. ते माळवद गोजरानं घातलं होतं. त्यातलं लाकूड न् लाकूड तिला ठाऊक होतं. पण धूर कुठे जाऊन थांबतो, हे इथं पडून राहिलेल्या पोरीलाच ठाऊक होतं.

ती बाहेर आली. रंभाबाईनं विचारलं, बुजली का भेग? गोजरानं सांगितलं, की भेग नाही बुजवली आणि आता माळवदाला भोक पाडायचं आहे. रंभाबाई दार अडवून बसली. वैशाखात कुणी माळवद फोडतं का, बाळंतिणीच्या डोक्यावर कुणी आभाळ उघडं टाकतं का, मागच्या बारीला एक गेलं ते पुरलं नाही का, असं ती किती वेळ बोलत राहिली. गोजरा तिच्याजवळ बसून ऐकत राहिली. शेवटी रंभाबाईनं तेल घालून पेटवलेली पणती आणली आणि बाजेपाशी ठेवली.

“ही वात बघ गोजरे,” ती म्हणाली. “ही हालली, तर वारं आलं. मग तुझं भोक मी माझ्या हातानं बुजवीन, आन् तुला पुन्यांदा या दारात येऊ देणार नाही.”

गोजरानं मान डोलावली.

कुसाच्या नवऱ्यानं, दगडूनं, शिडी लावली. ऊन अगदी डोक्यावर होतं. माळवदाची माती अशी तापली होती, की वर पाऊल ठेवताच चटका बसावा. गोजरा अनवाणी वर चढली. पहार घेऊन उभी राहिलेली गोजरा पाहून गल्लीत लोक जमले. एक म्हातारा खालून म्हणाला, “गोजरे, जन्मभर भोकं बुजवलीस. आता पाडायला लागलीस व्हय?”

“बुजवायबी मीच येईन, नाना. आधी पाडू तर द्या,” ती म्हणाली, आणि लोक हसले.

खाली शेजारच्या दोघींनी बाज पलीकडच्या भिंतीला ओढली. वरून माती पडू लागली, तशी रंभाबाई खोलीत शिरली. पदर पसरून ती सुनेवर आणि नातीवर वाकून उभी राहिली. माती तिच्या पाठीवर पडत राहिली, केसांत पडत राहिली. तोंडानं ती गोजराला नावं ठेवत होती, पण जागची हलली नाही.

मग भोक आरपार गेलं.

असं म्हणतात, की आधी धूर निघाला नाही. आधी एक मोठा उसासा निघाला, आणि तो गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकला. त्या घरात आजवर जेवढ्या बाळंतिणी झाल्या, त्यांचे गिळलेले सगळे उसासे म्हणे एकदम सुटले. मग धुराचा खांबच्या खांब सरळ वर गेला. शेताशेतांत नांगर थांबले, आणि शेजारच्या गावाला वाटलं की मुरुमखेडात यज्ञच चाललाय.

गोजरा खाली उतरली. दाराची गोधडी तिनं जमिनीपासून वीतभर वर बांधली आणि त्या फटीसमोर पाण्यानं भरलेला, ओलं फडकं गुंडाळलेला रांजण ठेवला. गरम हवा वरून जात होती, आणि रांजणाला वळसा घालून गार हवा जमिनीसरशी आत येत होती. कुणाच्या अंगावर ती येत नव्हती. चोरपावलांनी यावी तशी येत होती. शेगडी तिनं उचलून बाहेर ठेवली. रंभाबाईनं शेगडीकडे पाहिलं, पण आता तिचं सगळं ध्यान पणतीकडे होतं.

वात हलली नाही. चित्रात काढल्यासारखी उभी राहिली. असं म्हणतात, की ती पणती त्यानंतर कुसाचं बाळंतपण सरेपर्यंत एकदाही थरथरली नाही.

खोलीतला कढ हळूहळू उतरत गेला. ऊन कलायला लागलं, तेव्हा पोरीनं तोंड हलवलं. मग तिनं टाहो फोडला. कुसानं तिला छातीशी घेतलं, आणि चुटूचुटू पिण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

रंभाबाई बाजेच्या कडेला बसली. केसांतली माती तशीच होती. ती सुनेच्या पायावरून हात फिरवत राहिली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “मलाबी लई उकडायचं गं हितं. पर कुणाला म्हणणार?”

कुसानं सासूचा हात धरला. गोजरा उठून बाहेर निघाली, तर रंभाबाई तिच्या मागे गेली आणि तिच्या पायांना हात लावू लागली. त्या पायांना फोड आले होते. गोजरानं तिला उठवलं आणि म्हणाली, “आक्का, म्या नुसती पहार मारली. बोट तुझ्या सुनंचं हाय.”

ती पोर जगली. पुढे ती नातवंडा-पतवंडांची झाली. गोजरा होती तोवर प्रत्येक वैशाखात ती तिच्या पायांना लोणी चोळायला जायची, असं तिच्या घरचे अजून अभिमानानं सांगतात.

त्यानंतर गोजराला दम म्हणून मिळाला नाही. आज या घरी, उद्या त्या घरी. पण आता ती आधी लिंपायची थापी उचलत नसे. ज्या खोलीचं काम, त्या खोलीत जो जास्त बसतो-निजतो, त्याच्याजवळ जाऊन बसायची आणि विचारायची. सगळ्यांना एकसारखं नको असतं, हे तिला तेव्हा कळलं. एका म्हाताऱ्याला झरोका नकोच होता, त्याला उन्हाची ऊब हवी होती. त्याची बाज तिनं उगवतीच्या भिंतीशी हलवली आणि ती भिंत पातळ केली. एकीला वारा नको होता, पण उजेड हवा होता. एक आंधळी आजी म्हणाली, मला गल्लीतलं बोलणं ऐकू येऊ दे. गोजरानं तिच्या उशाशी मुठीएवढं भोक ठेवलं. असं म्हणतात, की गोजरा मुक्या जनावरांनाही विचारायची, आणि गाय ज्या बाजूला मान करील तिकडे गोठ्याचं दार ठेवायची.

ती खूप म्हातारी झाली. काही जण सांगतात, की ती आपल्या घरात, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. तसंही असेल. पण गाव वेगळं सांगतं. गाव सांगतं, की एका वैशाखात, अगदी टळटळीत दुपारी, ती कुणाच्या तरी माळवदावर चढली आणि खाली उतरलीच नाही. लोकांनी वर जाऊन पाहिलं, तर थापी होती, आणि मातीवर तिच्या पावलांचे ओले ठसे झरोक्यापर्यंत गेले होते. त्याच घटकेला गावातल्या प्रत्येक घरातून गार हवेची एक लहर गेली. निजलेली लेकरं झोपेत हसली. सासवांनी आणि सुनांनी एकदमच वर पाहिलं.

आता मुरुमखेडात माळवदं थोडी उरली. स्लॅबची घरं आली, पंखे आले, कुणाकुणाकडे कूलर आले. तरीही घर बांधताना मिस्त्री प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक झरोका पाडायचा बाकी ठेवतो; त्या झरोक्याला गावात गोजराई म्हणतात. मग एक दिवस ठरतो. त्या दिवशी घरधनी, भाऊबंद, सगळे बाहेर थांबतात. त्या खोलीत ज्याचा दिवस जाणार आहे, तो एकटाच आत चटईवर जाऊन बसतो. कधी नवी सून असते, कधी अंथरुणाला खिळलेले आजोबा उचलून आणलेले असतात. शेणाची छोटी गोवरी पेटवून धूर करतात. आतल्या माणसाला कुणी घाई करत नाही. त्याचं पाहून झालं, की मिस्त्री दारातून डोकावतो आणि विचारतो, “गोजराई कुठं ठेवायची?”

आतला माणूस बोट दाखवतो. तिथंच भिंत उघडतात. त्यावर गावात कुणी वाद घालत नाही.