शेवटची फेरी

"अहो आजी, नाव रिकामीच तर चाललीय! आम्ही दोघं बसलो तर काय बुडणार आहे?"

"बुडणार नाही. पण उतरा," मी म्हटलं.

पाहुणे नवराबायको होते. नव्या घाटावर दिवे लागत होते, आणि गृहस्थांचा एक पाय नावेत होता. त्यांना पाण्यातून घाटाचा फोटो हवा होता. मी तिथंच पायरीवर बसले आणि सांगितलं. घाट परवाचा आहे, ही फेरी फार जुनी.

असं सांगतात, की इथं बनाक्का नावाची नावाडीण होती. एका महापुरात पैलतीरावरची वाडी बुडू लागली. बनाक्कानं फेऱ्या मारमारून माणसं या काठाला आणली. शेवटी नाव काठोकाठ भरली तरी तिकडं बायापोरं उरलीच. त्यांत ओली बाळंतीण सगुणा. बनाक्कानं तिला शब्द दिला, "हितंच थांब. आलेच मी."

ती काठाला लागली, तर जे बाप्ये तिनं वाचवून आणले त्यांनीच नाव चिंचेला बांधली. म्हणे, नदी पिसाळलीय, नाव गेली तर गावानं काय करायचं? स्वतः काठाला लागलेली माणसं मोठी शहाणी असतात! पलीकडून हाक येत राहिली, "आक्का, येतीस न्हवं?" बाप्यांनी माना खाली घातल्या. बनाक्कानं विळ्यानं दोर कापला आणि एकटीच निघाली. तोवर हाक थांबली होती.

बनाक्का परतली नाही. नाव परतली. पहाटे, धारेच्या उलट, वल्ह्यावाचून. आत कुणी नव्हतं, तरी पाणी वरच्या फळीला टेकलेलं, खचाखच भरल्यागत. काठाला लागली आणि बोटबोट वर येत गेली, जणू एकेक जण उतरत होतं. ते बाप्ये उभ्या उभ्या ओले झाले म्हणे, पाऊस नसताना.

तेव्हापासून शेवटची फेरी पलीकडं राहिलेल्यांची. आजही दिवस मावळला की नाव रिकामी पलीकडं जाते. कठडे आले, रंगीत दिवे आले, नावेला इंजिन आलं. जाताना ते इंजिन गुणगुणतं. येताना धापा टाकतं. नावाडी मागं वळून बघत नाही.

बाई केव्हाच चार पायऱ्या वर गेल्या होत्या. गृहस्थ मात्र हसले. "म्हणजे जागा आहे की, आजी!"

मी म्हटलं, "जाताना आहे, बसा खुशाल, येताना कुणाच्या मांडीवर बसाल तेवढं ठरवा, सगुणाच्या मांडीवर बाळ असतं."