सारजा कासारीण आणि वेशीवरची झडती

करंजपूरच्या राजाची मिशी विंचरायची फणी हरवली!

हसू नका. फणी हस्तिदंती होती, आणि राजा गर्जनसिंहाला राज्यापेक्षा मिशीची काळजी जास्त. त्यानं कोतवालाला फर्मावलं, "वेशीतून जाईल-येईल त्याला अडवा आणि झडती घ्या!" झालं! कोतवाल धोंडजीला तेवढंच हवं होतं. ज्याची मिशी चापूनचोपून बसलेली, तो चोर! ज्याची विस्कटलेली, तो तर पक्का चोर. मुद्दाम विस्कटून आला असणार!

"कुठून आलास? कुठे चाललास? कशाला चाललास? इथे आला नसतास तर कुठे असतास?" अशी सरबत्ती चाले. लोणच्याच्या बरणीत शिपाई कोपरापर्यंत हात घालत आणि मग निवांत बोटं चाटत बसत.

तिसऱ्या दिवशी फणी सापडली. राजाच्याच उशीखाली! आता तरी हे थांबावं की नाही? पण कोतवालाला लोणच्याची चटक लागलेली. तो म्हणाला, "महाराज, फणी सापडली, पण चोर कुठे सापडलाय?" राजाला ते पटलं. अक्कलच तेवढी! त्यानं आणखी एक कडक लेखी हुकूम काढला आणि वेशीवर चौपट शिपाई उभे राहिले.

यात सगळ्यांत हाल झाले सारजा कासारणीचे. तिचं घर वेशीबाहेर आणि गिऱ्हाइकं सगळी आत. पंधरा दिवसांत दोनदा तिची टोपली शिपायांनी उचकटली होती. आज तर टोपलीत तांबटाच्या मंजुळेचा हिरवा चुडा होता. उद्या मंजुळेचं लग्न!

"थांब! टोपलीत काय?" कोतवाल गुरगुरला.

"बांगड्या."

"बांगड्यांखाली काय?"

"आणखी बांगड्या."

"फणीच्या चोराशी तुझा काय संबंध? खरं बोल!"

"कोतवालसाहेब, मला मिशी आहे का?"

शिपाई फिस्सकन हसले. कोतवालाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं टोपली उचलली आणि दगडी ओट्यावर पालथी केली. खळ्ळकन! चुड्याचा चुरा झाला. सारजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोरगी रिकाम्या मनगटांनी बोहल्यावर उभी राहणार की काय? तिनं काचा पदरात गोळा केल्या आणि तरातरा थेट दरबार गाठला. मागोमाग कोतवालही धापा टाकत पोचला.

"महाराज, तुमच्या कोतवालानं नवरीच्या बांगड्या फोडल्या!"

राजानं कानांवर हात ठेवले. "अगं अगं! चुड्याबद्दल असं अभद्र बोलतात का? कासारीण ना तू? बांगड्या 'वाढवल्या' म्हणावं!"

"चुकलं, महाराज. वाढवल्या. पण ही झडती आता थांबवा. संशय नाही, कारण नाही, आणि येईल त्याच्या टोपलीत हात! उद्या बायकांच्या पदरात हात घालतील."

राजानं मिशीला पीळ दिला. "माझा लेखी हुकूम मागे घेतला जात नाही. त्यातली काना-मात्रासुद्धा बदलत नाही! पण तू एवढी तोंडाळ आहेस, तर असं कर. माझा हुकूम अक्षरन् अक्षर पाळायचा, आणि तरीही झडती थांबली पाहिजे. जमलं तर थांबवीन. नाही जमलं तर तुझा धंदा बंद, आणि तू महिनाभर खोड्यात! संध्याकाळपर्यंत विचार कर."

कोतवाल गालातल्या गालात हसला.

"संध्याकाळ कशाला?" सारजा म्हणाली. "हुकूम तर वाचून दाखवा."

चिटणीसानं खाकरून वाचलं, "राजाज्ञा. आजपासून वेशीवरची झडती वाढवावी. कसूर करील त्याची गय केली जाणार नाही."

सारजानं डोळे पुसले. तिचा चेहरा एकदम उजळला.

"महाराज, देवापुढे नारळ वाढवला म्हणजे काय केलं?"

"फोडला."

"वाण्यानं दुकान वाढवलं म्हणजे?"

"बंद केलं."

"मग झडती वाढवावी म्हणजे?"

राजाचा हात मिशीवरच थबकला. दरबारात कुजबुज सुरू झाली.

"हे काय भलतंच!" कोतवाल ओरडला. "वाढवावी म्हणजे जास्त करावी!"

"असं? मग तुम्ही माझ्या बांगड्या वाढवल्यात असं आत्ताच महाराज म्हणाले." सारजानं पदरातल्या काचा त्याच्यापुढे ओतल्या. "दाखवा बरं, यात जास्तीच्या कुठल्या!"

कोतवाल दोन पावलं मागे सरकला.

"महाराज, तुम्ही दयाळू," सारजा हात जोडून म्हणाली. "झडती बंद करा, असं तुम्ही केव्हाच लिहून दिलंत. या बाबानं मात्र पंधरा दिवस तुमची आज्ञा मोडली! आणि कसूर करील त्याची गय नाही, हेही तुम्हीच लिहिलंय."

आधी राजाच्या मिशीची टोकं थरथरली, मग पोट हललं, आणि मग तो असा काही हसला की फेटा कानावर आला! "धोंडजी, तू खोड्यात जातोस की हिला टोपली भरून देतोस?"

"टोपली, महाराज, टोपली!"

"आणि सारजा, तुला काय हवं?"

"नवा हुकूम. कारणाशिवाय कुणाला अडवायचं नाही. कारण आधी तोंडावर सांगायचं. बाईची झडती बाईनंच घ्यायची. आणि नुकसान करील त्यानं भरून द्यायचं."

राजानं तिथल्या तिथे शिक्का उठवला. वर राणीच्या कोठारातला हिरवागार चुडा मंजुळेसाठी दिला आणि सारजाला पैठणीचा आहेर केला. वेशीवर दवंडी पिटली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल स्वतःच्या पैशानं घेतलेल्या बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन सारजाच्या घरी निघाला. वेशीत एका नव्या शिपायानं त्याला हटकलं.

"ओ! टोपलीत काय आहे?"

"विचारायचं कारण सांग आधी!" कोतवाल खेकसला.