हणमंताची तुटक रेघ

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. नाव हणमंत. सांगाल तेवढंच करायचा, पण अगदी मनापासून करायचा.

मालतीबाईंनी त्याला कामावर ठेवलं. त्यांचा प्रोग्राम शिंप्यांसाठी कागदावर रेघा छापायचा. सलग रेघ असेल तिथे कापायचं, तुटक रेघ असेल तिथे शिवायचं. शिंप्याने '५,३' असं लिहिलं, की पाच बोटं रेघ, तीन बोटं मोकळं, अशी तुटक रेघ यायला हवी.

बाई म्हणाल्या, "हणमंता, स्वल्पविराम दिसला की तिथे तोडायचं."

"तोडतो, बाई."

संध्याकाळी आईने वाण्याकडची चिठ्ठी दिली. 'तांदूळ, डाळ, गूळ.' हणमंताने स्वल्पविराम पाहिले. चिठ्ठीचे तीन तुकडे केले. वारा आला, डाळ उडाली, गूळ गटारात गेला. हणमंत नुसता तांदूळ घेऊन घरी आला.

आई म्हणाली, "अरे मुडद्या, मधे तोडतात का? सगळं एका दमात वाचावं!"

"वाचतो, आई."

दुसऱ्या दिवशी त्याने प्रोग्रामला एका दमात वाचायला लावलं. पाच-तीन, त्रेपन्न! त्रेपन्न बोटं सलग रेघ छापली गेली. दामूअण्णा शिंप्यांनी सलग रेघ पाहून कात्री चालवली. शिवायचं झबलं मधोमध कापलं गेलं. अण्णा दोन्ही हातांत अर्धं अर्धं झबलं घेऊन आले.

"बाई, बाळ एकच आहे हो!"

बाईंनी कपाळाला हात लावला. चूक दुरुस्त करून घेतली. मग म्हणाल्या, "आणि हे बघ, कुणी नुसतं '३' लिहिलं तर? एकच असेल तर दोनदा धरायचं. तीन काढायचं, तीन सोडायचं."

"एकच असेल तर दोनदा. धरतो, बाई."

रविवारी आई त्याला मुलगी दाखवायला घेऊन गेली. पोहे झाले. मुलीचे वडील गहिवरून म्हणाले, "आमची कावेरी एकच मुलगी बरं का."

हणमंत म्हणाला, "मग दोन धरतो."

आईचा घास घशात अडकला. वडील उठून उभे राहिले. कावेरी मात्र हसत सुटली. म्हणाली, "असू द्या, बाबा. बोलतो तसं करणारा माणूस कुठे मिळतो?"

लग्न ठरलं. आदल्या दिवशी हणमंत रजा मागायला गेला. बाई म्हणाल्या, "जा. पण एक काम करून जा. तुझे आकडे संपतात आणि रेघ अर्ध्यातच थांबते. आकडे संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. रेघ संपेपर्यंत थांबायचं नाही."

"नाही थांबत, बाई."

लग्न लागलं. उपरण्याला शालूची गाठ बांधली. भटजी म्हणाले, "होमाभोवती सात फेरे घ्या."

सात झाले. हणमंताने आठवा सुरू केला.

"अहो, सात संपले!"

"म्हणून तर पहिल्यापासून!"

"थांबा की!"

"रेघ कुठे संपलीय?" हणमंत म्हणाला. गोल रेघ ती, संपणार कशी?

पंगत उठली. भटजींना डुलकी लागली. एकोणचाळिसाव्या फेऱ्याला कावेरीचे पाय भरून आले. तिने हळूच गाठ सोडली, उपरण्याचं टोक मांडवाच्या खांबाला बांधलं, आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

हणमंताने मागे वळून पाहिलं नाही. नवरी जरा जड झाली, एवढंच त्याला वाटलं. त्याने जोर लावला. खांब आला. खांबामागून दुसरा आला. दोनशे वऱ्हाड्यांवर अख्खा मांडव खाली आला.

कापडाखालून फक्त एक आवाज ऐकू आला.

"कावेरी, लागलं नाही ना? चल, पुन्हा पहिल्यापासून!"