उठताना खुणेवर

“उस्ताद, स्पर्धा आणू तरी कुठून?”

मुलाणी उस्ताद रायफलीच्या नळीतून चिंधी ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हरवली कधी?”

गार्गी शिर्केला असली उत्तरं आवडत नसत. तिला सरळ बोललेलं आवडायचं, आणि तेही तिच्या बाजूचं.

“चेष्टा नको, उस्ताद. सहा नेमबाज जमले नाहीत तर जिल्ह्याचा सामना धरायचा नाही, असा संघटनेचा नियम आहे. मागच्या साली चौघं होतो, सामना रद्द झाला. या साली तर मी धरून तिघं. सामना नाही तर पहिला नंबर नाही, आणि पहिला नंबर नाही तर राज्याला जाणं नाही. मी काय या खाणीतच म्हातारी होऊ?”

“मी झालो की.”



कोरेवाडी फाट्याजवळ मुरमाची एक बंद पडलेली खाण आहे. तीन बाजूंनी उभा दगड, चौथीकडून आत यायची वाट. पलटणीतून घरी आल्यावर मुलाणींनी तिथं रायफल क्लब काढला. फौजेत हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, गावानं तेच नाव चालू ठेवलं. पन्नास मीटरवर कार्ड लावायचं, पोत्यावर पालथं पडायचं आणि पॉइंट टू टूची बारकी गोळी शर्टाच्या बटणाएवढ्या गोलात घालायची, एवढाच इथला उद्योग. क्लबची धड रायफल एकच. आळीपाळीनं सगळे तीच मारायचे.

“तालुक्यात सहा माणसं न्हाईत?” उस्तादांनी विचारलं.

“माणसं ढीगभर आहेत. नेमबाज नाहीत. माझ्यासमोर टिकेल असं इथं कुणी नाही.”

उस्तादांनी चिंधी उजेडात धरून पाहिली. अजून काळी निघत होती.

“हरून परत येणारा एक माणूस शोध,” ते म्हणाले. “तो गावला की स्पर्धा गावली.”

…

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणत गार्गी घरी गेली. पण सामना महिन्यावर आलेला, आणि दुसरा काही मार्ग नव्हता.

आता एक सांगायला हवं. माणसं गोळा करायची म्हटलं तर गार्गीचा हात कुणी धरू शकत नाही. आठवड्याभरात तिनं दाताच्या डॉक्टर बनसोडेंना घोळात घेतलं, वीज मंडळाच्या वायरमन तडाख्यांना पटवलं, कॉलेजातली दोन मुलं उचलली. एसटीतून येताना कंडक्टर प्रमिला खरात सुट्ट्या पैशांवरून तिच्याशी भांडली, तर भांडण मिटवता मिटवता तिलाही रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

रविवारी सगळी आली. कोवळं ऊन, वारा अगदी पडलेला.

गार्गी पहिली पडली. ती नेहमीच पहिली पडायची, सकाळची हवा चांगली असते म्हणून. तिचं कार्ड झकास झालं. मग एकेक पाहुणा पोत्यावर पडू लागला आणि गार्गी शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसली.

“बाहेर… बाहेर… डॉक्टर, कार्ड समोर आहे, जमिनीत नाही.”

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण दात न दाखवता.

प्रमिला उठली तेव्हा तिच्या कार्डावरचं काळं वर्तुळ कोरं होतं.

“मी तर मधोमध धरत होते हो,” ती म्हणाली.

“सगळे तसंच म्हणतात, ताई.”

मग त्याच कार्डांवर भडंग वाढलं गेलं, ते सगळ्यांनी खाल्लं, चहा झाला, आणि कार्डं कोपऱ्यातल्या पोत्यात गेली. खाणीतली ती जुनी पद्धत. तेवढ्यासाठी कोण प्लेटा आणणार?

पुढच्या रविवारी डॉक्टरांना पेशंट निघाले. तडाख्यांच्या गावाची लाइट गेली. मुलांची परीक्षा आली. प्रमिलानं तर निरोपसुद्धा पाठवला नाही.

…

“बघितलंत?” गार्गीच्या नाकावर राग होता. “हरून परत येणारा माणूस या मातीतच होत नाही. एकदा तोंडावर पडली की गेली सगळी.”

उस्तादांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“पड.”

“काय?”

“पोत्यावर पड. धा गोळ्या मार. मग मी पडतो.”

गार्गी बघतच राहिली. उस्तादांना गोळी मारताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. क्लबातल्या कुणीच कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती पडली. दहा गोळ्या मारल्या. शंभरात शहाण्णव. उठून तिनं गुडघे झटकले.

उस्ताद हळूहळू खाली बसले, मग एका कुशीवर, मग पालथे. हाडं वाजली ती गार्गीला ऐकू आली. त्यांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि सावकाश, श्वास सोडून सोडून, दहा गोळ्या मारल्या.

गार्गी दुर्बिणीतून पाहत होती. पहिली बाहेर. दुसरी बाहेर. मग पुढं तिनं पाहिलंच नाही. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून. ज्या माणसानं आपल्याला शिकवलं त्याचा हात गेलेला बघणं काही सोपं नसतं.

“उस्ताद… वारा असेल.”

“वारा न्हाई. कार्ड आण.”

ती गेली. येताना मात्र तिची पावलं सावकाश पडत होती.

काळं वर्तुळ कोरं होतं. त्याच्या खाली, डावीकडे, पांढऱ्या कागदावर एकच भोक होतं. जरा मोठं, कडा कुरतडल्यासारख्या. दहाही गोळ्या तिथूनच गेल्या होत्या. तिनं अंगठा ठेवला, तर सगळं भोक अंगठ्याखाली झाकलं गेलं.

तिच्या स्वतःच्या शहाण्णवच्या कार्डावर गोळ्या लिंबाएवढ्या जागेत पसरल्या होत्या.

गार्गीचे कान तापले. नेमबाजीत पहिल्या आठवड्यातच शिकवतात की गोळ्या एका जागी पडल्या तर नेम चांगला, आणि ती जागा चुकीची असली तर दोष साइटचा. साइट म्हणजे रायफलीवरची बघायची चकती. ती हलवायला दोन नॉब असतात, एक वरखाली, एक डावं-उजवं. प्रत्येकाचा डोळा निराळा, धरण्याची ढब निराळी, म्हणून ज्यानं त्यानं ते आपल्याला हवे तसे फिरवायचे. उस्तादांनी दोन्ही नॉबांवर आणि शेजारी साइटवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली होती आणि क्लबात एकच कायदा केला होता. उठताना खुणेवर. म्हणजे मागून येणाऱ्याला रायफल कोरी मिळते.

गार्गी रायफल जरा तिरकी धरायची. तिची ती खोड होती. त्यामुळं तिचे नॉब खुणेपासून लांब जायचे. पूर्वी ती उठताना परत आणून ठेवायची. मग कधीतरी कंटाळा आला. रोज मारणारी आपणच, परत परत कोण फिरवत बसणार?

तिनं रायफल उचलून पाहिली. खुणा कुठल्या कुठं गेल्या होत्या.

“तुम्ही नॉब फिरवले नाहीत,” ती म्हणाली.

“डॉक्टरनं फिरवले व्हते?”

“त्यांना नॉब असतो हेच कुठं माहीत होतं.”

“मग मला तरी कसं म्हाईत असणार?”

…

“पण तुम्ही त्याच दिवशी सांगायचं ना.”

“तू इचारलंस का? तू इचारलंस, स्पर्धा कुठाय.”

गार्गी कोपऱ्यात गेली आणि पोतं उलटं केलं. भडंगाच्या तेलानं कार्डं पारदर्शक झाली होती. डॉक्टरांचं कार्ड सापडलं. त्यावरच्या गोळ्या चारी दिशांना गेल्या होत्या. खरं सांगायचं तर जगातला कुठलाही नॉब डॉक्टरांच्या कामी आला नसता. तडाख्यांचं तसंच. पोरांचं त्याहून बरं, पण तेवढंच.

मग प्रमिला खरातचं कार्ड हाती आलं.

सगळ्या गोळ्या खाली, डावीकडे. गार्गीनं अंगठा ठेवला. एक भोक बाहेर राहिलं. तिनं परत ठेवला. एकच बाहेर.

पहिल्यांदा रायफल हातात धरलेली बाई. दिवसभर हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणारी.

गार्गी त्या पोत्यावरच बसली. तिला भीती वाटली. राग नाही, लाज नाही… म्हणजे लाज होतीच, पण भीती मोठी होती.

“उस्ताद, राज्याला एकच जण जातो.”

“हां.”

“तिला परत बोलावलं, आणि रायफल खुणेवर आणून दिली, तर…”

“तर?”

गार्गीनं प्रमिलाचं कार्ड मांडीवर उलटं ठेवलं.

“नगं बोलवूस,” उस्ताद म्हणाले. “डॉक्टर हाय, वायरमन हाय, पोरं हायेत. गोड बोललीस तर येतील. सहा भरतील. राज्याला जाशील.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

…

सोमवारी गार्गी स्टँडवर गेली. प्रमिला गाडीच्या दाराशी उभी राहून डबा खात होती.

“ताई, तुमची गोळी चुकली नव्हती. रायफल माझ्या डोळ्यावर लावलेली होती. मी ती परत ठेवली नाही.”

प्रमिलानं घास गिळला.

“म्हणजे मला उगाच हसलात?”

“हो.”

“आणि डॉक्टरांना?”

“डॉक्टरांचं खरंच बाहेर होतं.”

प्रमिलाला ठसका लागला. पाणी पिऊन ती गाडीत चढली.

“रविवारी ड्यूटी असते माझी,” आतून आवाज आला. जरा वेळानं पुन्हा आला. “बदलून घेईन.”

मग गार्गी डॉक्टरांकडे गेली, तडाख्यांकडे गेली, कॉलेजात गेली. सगळीकडे तेच सांगितलं. ऐकून घेणारे ऐकत होते, कारण गार्गी शिर्के माफी मागते ही काही रोज बघायला मिळणारी गोष्ट नव्हती.

सामन्याआधीच्या रविवारी सगळी आली. गार्गीनं प्रत्येकाला नॉब दाखवले. प्रमिलाच्या गोळ्या काळ्यात शिरल्या, मग मधल्या गोलाकडे सरकू लागल्या. तिकडे त्या सरकत होत्या आणि इकडे गार्गीची झोप उडत होती.

…

सामन्याच्या दिवशी आठ जण होते. संघटनेचे निरीक्षक सकाळीच आले आणि दगडावर रुमाल अंथरून बसले. चिठ्ठ्या टाकल्या. गार्गीची पाळी सातवी. शेवटची प्रमिला.

गार्गीनं नॉब आपल्या डोळ्याला लावले आणि इतकी चांगली मारली की उठायला नको वाटलं.

उठायची वेळ झाली. मागे प्रमिला चपला काढून उभी होती. निरीक्षक पाणी पीत होते. बाकीच्यांची गप्पांत टकळी चालू होती. उस्ताद पाठ करून बसले होते, समोरच्या दगडाकडे तोंड करून.

गार्गीचा हात रायफलीवर होता. कुणाचंही लक्ष नव्हतं. आणि समजा राहिलं खुणेवर आणायचं, तर प्रमिलाला आता माहीत होतंच की. फिरवून घेतले असते तिचे तिनं. घाईत, घाबरून, दोनचार क्लिक इकडे तिकडे…

ती तशीच पडून राहिली.

मग नॉबचा आवाज आला. क्लिक… क्लिक… क्लिक. पाठ करून बसलेल्या उस्तादांची मान किंचित तिरकी झाली. दुसरा नॉब. क्लिक… क्लिक. पांढरी खूण पांढऱ्या खुणेवर आली.

गार्गी उठली. पोत्याला पडलेली घडी तिनं हातानं सारखी केली.

“या, ताई. खुणेवर आहे. आता तुमच्या डोळ्यानं लावा. सुरुवातीच्या गोळ्या मोजत नाहीत, घाई करू नका.”

…

निरीक्षकांनी निकाल वाचला. पहिला नंबर प्रमिला खरात. दुसरा गार्गी शिर्के. मध्ये एका गुणाचा फरक.

प्रमिलाला काही कळेचना. तिनं निकाल परत वाचायला लावला. मग डॉक्टरांनी टाळ्या सुरू केल्या. शेवटचा नंबर त्यांचा होता. कार्डांवर भडंग वाढलं गेलं, कुणीतरी प्रमिलाच्या कार्डावर वाढू नका म्हणून ओरडलं, आणि गार्गी सगळ्यांना सोडून खाणीच्या कडेला आली.

उस्ताद नळीतून चिंधी ओढत होते.

ती जवळ उभी राहिली.

“उस्ताद… हरले मी.”

उस्तादांनी चिंधी बाहेर काढली. उजेडात धरून उलटीपालटी करून पाहिली.

…

“पुढच्या रविवारी किती वाजता येणार?” उस्तादांनी विचारलं.