पाच जिवंत बायकांचा दहावा

एकदा एक जाणती म्हातारी आपल्या शिष्येसह एका गावात पोचली, तेव्हा तिथली ग्रामसभा नुकतीच सुरू झाली होती. शिष्या म्हणजे कोवळी पोर नव्हे. चाळिशी उलटलेली, संसार करून दमलेली आणि मग शहाणपण शोधायला निघालेली बाई. भर दुपार होती. पंचायतीच्या ओसरीवर सावली होती म्हणून दोघी तिथं टेकल्या. दार उघडं होतं. आत साठ-सत्तर पुरुष बसले होते. बाई एकही नव्हती.

ग्रामसेवक सदस्यांची हजेरी घेऊ लागला. नऊ सदस्य, त्यांत पाच बाया. सरपंचही बाईच.

"वत्सला सर्जेराव."

"हजर," मिशीखालून जाड आवाज आला.

"शेवंता बबन."

"हजर." या गळ्यात तंबाखू भरलेली होती.

पाचही नावं झाली. पाचही वेळा बायकांच्या नावाला पुरुषांचे गळे बोलले आणि कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. शिष्येच्या अंगावर काटा आला. लख्ख उजेडात आला. एखाद्या बाईच्या तोंडून बाप्याचा आवाज निघाला असता, तर हेच लोक लिंबू-नारळ घेऊन धावले असते. इथं पाच बाप्यांच्या अंगात बाया आल्या होत्या आणि चहा फिरत होता.

मग ठराव वाचला गेला. गावाबाहेरची झऱ्याची विहीर आणि तिच्याभोवतीची जागा एका व्यापाऱ्याला तीस वर्षांसाठी द्यायची. तो तिथं पाण्याच्या बाटल्यांचा कारखाना काढणार. व्यापारी स्वतः पुढच्या खुर्चीत बसून मान डोलवत होता. गावातल्या बायका पाणी भरत त्या याच विहिरीवर. दुसरं पाणी नदीचं, दोन कोस लांब.

"आता फक्त सरपंचांची सही," ग्रामसेवक म्हणाला. "रजिस्टर घरी पाठवतो."

"आत्ताच पाठव," सर्जेराव म्हणाला. सरपंचाच्या खुर्चीत तोच बसला होता, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकून. "भाकऱ्या चालल्या असतील तिच्या. दोन भाकऱ्यांच्या मधी करील. ती काय वाचत बसत नाही."

माणसं हसली. शिपाई रजिस्टर घेऊन दारापर्यंत आला. तेव्हा म्हातारी उठून दारात उभी राहिली.

"बाबांनो, या पाच जणी वारल्या कधी?"

"काय बोलता आजी," सर्जेराव म्हणाला. "धडधाकट आहेत सगळ्या. सरपंच माझीच बायको. सकाळी तिच्या हातचं खाऊन आलोय."

"या खोलीत तिला शेवटचं कुणी बघितलं?"

ग्रामसेवक आठवत आठवत म्हणाला, "निवडून आल्यावर फोटो काढला, तेव्हा आल्या होत्या. तीन वर्षं झाली त्याला."

"मग फारच उशीर झाला," म्हातारी म्हणाली. "दहावा तरी उरकून घेऊ."

तिनं शिदोरीतला भात काढला. अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून पाच पिंड वळले, वर काळे तीळ टाकले आणि पाच पानांवर ओळीनं मांडले. पिंड बाईमाणसानं ठेवायचा नसतो. तोही जिवंत माणसाचा. पण तिला अडवायला कुणाचा हात पुढं झाला नाही. सगळी सभा बाहेर येऊन तिच्याभोवती उभी राहिली.

"आजी, कावळ्यांच्यात पण राखीव जागा आहेत का?" एक जण म्हणाला आणि चार-सहा जण हसले.

मग कावळे आले. आधी एक, मग तीन, मग कडुनिंबाच्या फांद्या काळ्या झाल्या. पंचायतीचे पत्रे भरले. इतके कावळे, आणि एकही ओरडेना. एकही खाली उतरेना. नुसते बघत राहिले.

ऊन कलू लागलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या जिवाची इच्छा राहिलीये. मग वारसांनी हात जोडून शब्द द्यायचा असतो, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक वयस्कर माणूस सर्जेरावाच्या कानाशी लागला. "काहीतरी बोल बाबा. मांडलेलं असं अर्धवट टाकू नये."

सर्जेरावानं घाम पुसला. "नवी साडी घेतो तिला," तो पुटपुटला.

कावळे हलले नाहीत.

"पंधरा ऑगस्टला झेंडा तिच्या हातून लावू."

काही नाही.

"बॅनरवर तिचा फोटो... माझ्याएवढा करतो."

पाठीमागं कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते गिळलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. वत्सला आली होती. शिपायानं घरी जाऊन अंगणात काय चाललंय ते सांगितलं होतं, आणि ती रजिस्टर काखेत मारून तशीच निघाली होती. कोपरापर्यंत पिठाचे हात.

"कुणाचे हे?" तिनं विचारलं.

"पहिला तुझा," म्हातारी म्हणाली.

वत्सलेनं आपलंच मनगट दाबून बघितलं.

"तू कशाला आलीस इथं?" सर्जेराव म्हणाला. "सही कर अन् घरी जा."

"तुझं काय राहिलंय ते यांना ठाऊक नाही," म्हातारी तिला म्हणाली. "तूच सांग."

वत्सला पिंडाकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे न बघता बोलली, "अहो, तीन वर्षांत शंभर सह्या केल्या असतील मी. कशावर केल्या ते माहीत नाही. माझं तेवढंच राहिलंय."

ती आत गेली. रजिस्टर तिच्याकडे, म्हणून सगळी सभा तिच्यामागं आत गेली. तिनं खुर्चीवरचा टॉवेल उचलून खिडकीत ठेवला आणि बसली. शिक्षण चौथीपर्यंत. एकेका शब्दाखाली बोट धरून ती मोठ्यानं वाचू लागली. झऱ्याच्या विहिरीपाशी बोट थांबलं.

"ही आपली विहीर?"

"वहिनी, गावाच्या विकासाचं काम आहे," व्यापारी म्हणाला. "टँकर येईल ना रोज."

"टँकरमागं हंडा घेऊन पळालाय का कधी तुम्ही?"

सर्जेराव वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "चारचौघांत शोभा करू नको. मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तुम्ही दिलाय. सही माझी मागताय."

तिनं ठरावाखाली लिहिलं, 'बायका सभेला बसल्याशिवाय यावर चर्चा नाही.' खाली सही केली. कागदावर पीठ सांडलं. ते तिनं झटकलं नाही.

त्याच वेळी बाहेर पंखांचा आवाज झाला. माणसं दाराशी धावली. पहिलं पान रिकामं होतं. बाकीचे चार पिंड जसेच्या तसे होते आणि कावळे परत कडुनिंबावर जाऊन बसले होते.

दोघी गावाबाहेर पडल्यावर शिष्येनं विचारलं, "माय, जित्या माणसाचा पिंड ठेवलास. अभद्र नाही का हे?"

"मी केलं ते अभद्र?" म्हातारी म्हणाली. "माणूस गेलं की त्याच्या नावानं दुसरे बोलतात, त्याच्या जागेवर दुसरे बसतात, आणि त्याच्या फोटोला वर्षातून एकदा हार घालतात. त्या पाच जणींचं हे सगळं आधीच चालू होतं. घरात त्या भाकऱ्या थापत होत्या आणि गावात त्यांचं मरण कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. निम्म्या जागा बायकांना दिल्या म्हणतात. जागेवर बाई बसेपर्यंत ती जागा दिली असं कसं म्हणायचं? मी फक्त राहिलेला विधी केला, म्हणजे आपण काय पुरलंय ते त्यांना दिसावं. आणि तिलाही."

"आणि कावळे?"

"कावळा गर्दीला भितो. अंगण माणसांनी भरलेलं होतं. सगळे आत गेले तसा तो उतरला. त्यात काही नाही."

शिष्या थोडी चालली. मग थांबली. "मग त्यानं एकच का नेला, माय? पाचही शेजारी शेजारीच होते."

म्हातारीच्या हातावर बारीक काटा उभा राहिलेला शिष्येला दिसला.

मागून पावलं वाजली. शेणानं भरलेले हात लुगड्याला पुसत एक बाई घाईघाईनं येत होती.

"आजी, पंचायतीपुढं मांडलेत म्हणे," ती धापा टाकत म्हणाली. "मी लंका. खालच्या आळीची सदस्य. त्यातला माझा कोणता?"

"ते मला कसं सांगता येईल?" म्हातारी म्हणाली. "जाऊन बघ."

लंकानं पदर कमरेला खोचला आणि ती पंचायतीच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेवर एका घराची कडी वाजली, आणि आतल्या बाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं, "थांब गं, मी पण येते."